क्लचचे पेडल अडते तेव्हा



शिरपूर जैनसारख्या गावात जुनी लहान मोटार ही नुसती हौसेची वस्तू नसते. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांची ने-आण, मालेगावच्या बाजारातले सामान, आणि वेळ आलीच तर रात्री-अपरात्री बाळंतिणीला घेऊन वाशिम गाठणे, ही सारी कामे तिच्यावर पडतात. अशा गाड्यांत मारुती ८०० अजून दृष्टीस पडते. ती १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. म्हणजे त्यातली सगळ्यांत नवी गाडीही दहा वर्षांपलीकडची झाली. या वयात एक तक्रार हटकून ऐकू येते : "पेडल दाबलं की वर येऊनच नाही राह्यलं!"

मग कोणीतरी सांगतो, "प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवा." गिअरबॉक्स उतरवणे हे मोठे आणि खर्चाचे काम. आणि पुष्कळदा दुखणे असते एका वायरीत! म्हणून खिशात हात घालण्याआधी पेडल नेमके कुठे अडते हे शोधायला आपण शिकले पाहिजे.

आधी क्लचचे काम समजून घेऊ. चालत्या इंजिनाचे आणि चाकांचे नाते घटकाभर तोडायचे व हळूच पुन्हा जोडायचे, एवढेच ते काम. इंजिनाच्या जड चक्राला, म्हणजे फ्लायव्हीलला, क्लच प्लेट चिकटून फिरते. तिला दाबून धरते प्रेशर प्लेट, आणि प्रेशर प्लेटमागे जोर असतो बशीच्या आकाराच्या एका पोलादी स्प्रिंगचा. आपण पेडल दाबले की वायर ओढली जाते. वायर गिअरबॉक्सवरचा दांडा फिरवते, दांडा रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग त्या स्प्रिंगचे मधले दात दाबते आणि प्लेट मोकळी होते. पाय उचलला की हाच प्रवास उलट दिशेने होतो. म्हणजे पेडल वर येते ते मुख्यतः त्या बशीसारख्या स्प्रिंगच्या जोरावर. काही गाड्यांत पेडलजवळ एक लहान स्प्रिंग मदतीला असते, इतकेच.

तेव्हा पेडल वर येत नसेल तर कारणे दोनच. एक तर वर आणणारा जोर कमी पडला, किंवा अडवणारे घर्षण वाढले. आपली सगळी तपासणी या दोन प्रश्नांभोवती फिरते.

गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड लावलेला. पहिले काम फुकटचे : पायाखालची चटई बाहेर काढा. सरकलेली चटई किंवा पेडलमागे घरंगळत गेलेली बाटली यांनीही पेडल अडते.

मग पेडल हाताने सावकाश दाबा. ते अगदी हलके लागून खाली पडले, तर जोर पोचतच नाही. वायर तुटली असेल, आकड्यातून निसटली असेल, किंवा आतला दांडा वा स्प्रिंग मोडली असेल. उलट पेडल जड लागले, खरखरत गेले आणि परत येताना रेंगाळले, तर घर्षण वाढले आहे असे समजा.

घर्षण कुठे आहे ते शोधण्यासाठी साखळी मधे तोडा. गिअरबॉक्सच्या बाजूला वायरीच्या टोकाला जुळवणीचा नट असतो. तो किती आत होता याची खूण ठेवा, ढिला करा आणि वायर दांड्यापासून सोडवा. आता तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासता येतात. वायरीचे वरचे टोकही पेडलपासून काढून पेडल एकटे हलवा. ते कुरकुरले तर त्याची पिन कोरडी किंवा गंजलेली आहे. साफ करून ग्रीस पुरेल. मग वायर तिच्या आवरणात मागे-पुढे सरकवा. ती अडखळली, टोकाशी तारेचे धागे सुटलेले दिसले, किंवा आवरण कुठे मोडून वाकले असले, तर चोर सापडला. शेवटी गिअरबॉक्सवरचा दांडा हाताने हलवा. स्प्रिंगला टेकेपर्यंत तो मोकळा हलला पाहिजे. तो तिथेच करकरत असेल, तर त्याचा बुश किंवा आतले बेअरिंग कोरडे झाले आहे. गिअरबॉक्स उतरवण्याची गोष्ट आता काढावी, त्याआधी नव्हे.

शिक्षक बंधुभगिनींना हा धडा वर्गात दाखवता येईल. सायकलच्या ब्रेकची वायर याच जातीची. ती आवरणासकट सरळ धरून ओढा, मग तिचा एक वेढा करून ओढा. दुसऱ्या वेळी जास्त जोर लागतो, कारण वळणावर तार आवरणाला घासते. मोटारीतही वायर चुकीच्या वाटेने, आखूड वळण देऊन बसवली, तर नवी असूनही जड चालते.

तेल ओतून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. पण तुटलेले धागे तेलाने जुळत नाहीत, आणि आपल्या काळ्या मातीची धूळ तेलाला चिकटून लगदा होतो. पुष्कळ वायरींच्या आवरणात प्लॅस्टिकची नळी असते. तिला तेल लागतही नाही. गिअरबॉक्सच्या तोंडातून तेल आत गेले आणि प्लेटवर पडले, तर क्लच घसरू लागेल. झिजलेली वायर बदलावी हेच बरे.

वायर जोडल्यावर पेडलचा मोकळा खेळ पाहा. जोर लागण्याआधी पेडल सुमारे दोन सेंटिमीटर सहज खाली गेले पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. खेळ अजिबात नसला तर प्लेट घसरून जळते, फार असला तर गिअर करकरतात.

दोन फरक लक्षात ठेवा. काही गाड्यांत वायरीऐवजी तेलाच्या दाबावर क्लच चालतो. तिथे चार-पाच वेळा दाबल्यावर पेडल वर येत असेल, तर तेलाची पातळी व गळती पाहा. आणि पावसाळाभर पत्र्याखाली उभ्या राहिलेल्या गाडीचे पेडल नीट वर येते, पण गिअर पडत नाही, असे झाले तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली असण्याचा संभव आहे. ते दुखणे वेगळे.

चालत्या गाडीत पेडल खाली राहिले, तर मान वाकवून पायाने ते वर ओढू नका. देवळाच्या वाटेवर पायी माणसे असतात. नजर रस्त्यावर ठेवा, ब्रेक लावा, गाडी कडेला थांबवून इंजिन बंद करा. वायर तुटली असेल तर इंजिन चाकांना जोडलेलेच राहते. गाडी गिअरमध्ये असताना पुन्हा चावी फिरवली, तर ती पुढे उडी घेईल. म्हणून आधी न्यूट्रल, मग चावी.

मिस्त्रीकडे जाल तेव्हा "क्लच बिघडला" एवढेच सांगू नका. "पेडल जड आहे, वायर सोडल्यावर मोकळे होते" असे सांगा. निम्मे निदान तिथेच होईल, आणि जो भाग शाबूत आहे त्याचे पैसे मोजावे लागणार नाहीत.