सकाळी कोंबडीचा गळा चाचपा!



उसाच्या नोंदी घेत गटातून फिरताना चहाच्या निमित्ताने आम्ही तुमच्या अंगणात टेकतो. मालक ऊसबिलाचे विचारतात आणि वहिनी हळूच म्हणतात, "साहेब, कोंबडी चार दिस झाले खाईना. जरा बघता का?" उसाचे बिल मालकाच्या खात्यावर जमा होते, पण अंड्यांचा पैसा घरच्या बाईच्या हातात राहतो. पोरांच्या वह्या आणि बाजारहाट त्यातच भागते. म्हणून या अंकात उसाला थोडी सुट्टी.

कोंबडीने टिपलेला दाणा आधी छातीच्या वर, गळ्याच्या बुडाशी असलेल्या पिशवीत साठतो. तिथे भिजून तो हळूहळू पुढे जातो आणि पेट्यात दळला जातो. संध्याकाळी ही पिशवी टम्म भरलेली असते आणि रातभर पचून सकाळी रिकामी होते. तेव्हा तपासायची वेळ एकच : पहाटे, खुराडे उघडण्यापूर्वी. पिशवी भरलेली लागली, तर काहीतरी बिघडले म्हणून समजा.

पिशवी तटणे : हाताला मळलेल्या कणकेचा घट्ट गोळा लागतो. लांब गवत, पाचटाचे तंतू, खताच्या पोत्याची सुतळी, प्लॅस्टिकचा तुकडा आत गुंतून बोळा होतो. अशी कोंबडी वेगळी डालग्याखाली ठेवा. दाणा १२ ते २४ तास बंद, पाणी मात्र भरपूर. गोडेतेलाचे चार-पाच थेंब चोचीच्या कडेने एकेक करून सोडा. दिवसातून तीन-चार वेळा पिशवी बोटांनी हलक्या हाताने चोळा. गोळा फुटून पिशवी उतरली की दोन दिवस मऊ भात किंवा भिजवलेल्या कण्या थोड्या थोड्या द्या. दुसऱ्या दिवशीही गोळा तसाच असेल तर डॉक्टरांकडे न्या. ते छोटी चीर देऊन बोळा काढू शकतात. घरी ब्लेड चालवू नका.

पिशवी आंबणे : पिशवी पाण्याच्या फुग्यासारखी डुचमळते आणि तोंडाला आंबूस घाण वास येतो. तोडलेला ऊस वेळेत गाळपाला आला नाही की रस आंबतो, हे तुम्हाला सांगायला नको. इथेही अन्न साचून बुरशी वाढते. बुरसटलेला दाणा किंवा मनाने दिलेली प्रतिजैविके ही याची नेहमीची कारणे. हिला गूळपाणी किंवा साखरपाणी देऊ नका, त्याने बुरशीचेच पोषण होते. साखर कारखान्याचा माणूस साखर नको म्हणतो, यावरून ओळखा! यावर बुरशीनाशक औषध लागते, ते डॉक्टरांकडूनच घ्या. घरात मोरचूद आहे म्हणून अंदाजाने पाजू नका, ते विष आहे. औषध चालू असताना अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही विचारून घ्या.

पिशवी लोंबणे : वारंवार तटून स्नायू सैल पडले की पिशवी झोळीसारखी लोंबते. ही सहसा पूर्ववत होत नाही. थोडे थोडे, मऊ खाणे देऊन सांभाळावी लागते.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या कोंबडीची पिशवी आंबली होती. कुणीतरी सांगितले म्हणून आम्ही तिला उलटी धरून पिशवी दाबली. घाण पाणी श्वासनळीत गेले आणि हातातच तिने मान टाकली. मंडळी दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचे बरोबरच होते. हा उपाय तुम्ही करू नका.

आणखी एक. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मलूल झाल्या, हिरवट हगू लागल्या किंवा मान वाकडी करू लागल्या, तर पिशवी चोळत बसू नका. ते राणीखेत असू शकते. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. शेतात दाणेदार औषध टाकले असेल, तर कोंबड्या कोंडून ठेवा.

बाकी खबरदारी स्वस्तातली आहे : अंगणात बारीक खडे-वाळूचा ढीग ठेवावा, सुतळी उचलावी, हिरवा चारा बोटभर चिरून टाकावा आणि बुरसटलेला दाणा कोंबड्यांना घालू नये.

उद्या पहाटे खुराड्याचे दार उघडण्याआधी एकेकीचा गळा चाचपून पाहा. पुढच्या फेरीत आम्ही आलो की लागणीच्या नोंदीबरोबर हेही विचारू!