एकदा लावा, वर्षानुवर्षं तोडा

परसात किंवा गच्चीवर कायमची भाजी हवी असेल तर माझं पहिलं मत तोंडलीला. बी मात्र लावू नका! तोंडलीत नर आणि मादी वेल वेगळे. नर वेलाला नुसती फुलं येतात, तोंडली धरत नाहीत. भरपूर धरणाऱ्या वेलाची पेन्सिलइतकी जाड, चार-पाच डोळ्यांची काडी पावसाळ्याच्या तोंडावर लावा, दोन डोळे मातीत जाऊ द्या. मांडव भक्कम हवा. थंडीत वेल मंदावला की गुडघ्याइतका ठेवून छाटा आणि बुडाशी शेणखत घाला. तोंडली नव्या फुटव्यांवर धरतात, म्हणून छाटताना हात आखडू नका.

शेवगा, मायाळूही असेच टिकतात. न्हाणीच्या पाण्यावर अळू लावा. वडीसाठी काळ्या देठाचंच.