डोळ्यांना दिसलेला कोकणकडा फोटोत आणताना

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. सकाळी त्याचा अंतर्वक्र कातळ सावलीत असतो आणि वरचे आकाश लख्ख उजळलेले. काठावरच्या माणसाला कातळाचे थर, कपारींतले गवत आणि ढगांच्या कडा असे सगळेच दिसते. फोटोत मात्र कातळ काळाठिक्कर पडतो, नाहीतर आकाश पांढरेफटक होते.

हा फरक पाहण्याच्या रीतीतून येतो. डोळ्याला बारीक तपशील दिसतो तो दृष्टिपटलाच्या मध्यावरच्या छोट्या भागाने. हात लांब केल्यावर अंगठा जेवढा रुंद दिसतो, तेवढाच, म्हणजे सुमारे 2 अंशांचा टापू तो व्यापतो. नजर सेकंदाला तीन-चार वेळा जागा बदलते, थांबेल तिथल्या उजेडाशी जुळवून घेते आणि मेंदू या तुकड्यांतून एकसंध दृश्य उभे करतो. शिवाय प्रकाश दुप्पट झाला तरी डोळ्याला तो दुप्पट भासत नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र सरळ मोजतो. 14 बिटांच्या रॉ फाइलमध्ये उजेडाच्या 16,384 पायऱ्या असतात. त्यांतल्या निम्म्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपवर, म्हणजे प्रकाश दुप्पट होण्याच्या शेवटच्या टप्प्यावर, खर्च होतात आणि गडद सावलीच्या वाट्याला मोजक्याच उरतात. जेपेगमध्ये तर प्रत्येक मूळ रंगाला जेमतेम 256 पायऱ्या. म्हणून सावलीतला तपशील नंतर वर काढायचा असेल, तर रॉ फाइल हवीच.

उजळ आणि गडद भाग एका चित्रात आणण्याची ही जुळवाजुळव संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. 1850च्या दशकात फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे याने समुद्र आणि आकाश वेगवेगळ्या निगेटिव्हवर टिपून एकाच प्रिंटमध्ये जोडले, कारण तेव्हाची रसायने निळ्या प्रकाशाला इतकी संवेदनशील होती की आकाश कोरे पांढरे उमटे.

आज पहिले काम असते हायलाइट खाली आणि शॅडो वर घेण्याचे. इथेच हात आवरायला हवा. डोळ्याला सावलीतला कातळ दिसतो, पण तो सावलीत आहे हेही दिसते. आकाशाइतकाच उजळ केलेला कडा खोटा वाटतो. डोंगराच्या कडेला फिकट झालर उमटली, की प्रमाण सुटले असे खुशाल समजावे.

रंगांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. सावलीतला प्रकाश निळसर असतो, मेंदू तो निळेपणा बराचसा वजा करतो, पण पूर्ण नाही. त्यामुळे व्हाइट बॅलन्स अर्धामुर्धाच दुरुस्त करावा. सूर्यास्ताला ऑटो सेटिंग सोनेरी उजेडच पुसू पाहते, तिथे दिवसाच्या प्रकाशाचे सुमारे 5,500 केल्व्हिन ठेवलेले बरे. भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, घरात काहीशे. मंद प्रकाशात तेच रंग फिके भासतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ हंट यांच्या नावाने ओळखले जाते. म्हणजे उन्हातला फोटो घरात पाहायचा, तर सॅच्युरेशन थोडे वाढवण्याला शास्त्रीय आधार आहे.

थोडे, एवढेच. पावसाळी सह्याद्रीच्या फोटोंत दिसणारा झगझगीत हिरवा कुठल्याच उतारावर नसतो. तिथे पिवळट, तांबूस, काळपट अशा कितीतरी हिरव्या छटा शेजारी शेजारी असतात आणि एकच स्लायडर त्या सगळ्या सपाट करतो. ओल्या पानांवरच्या चकाकीने हिरवा खरोखर फिका पडतो. पण ती चकाकी कॅमेऱ्यावरच्या पोलरायझर फिल्टरने तिथल्या तिथे कापावी लागते, नंतर ते नीट साधत नाही. धुके काढणाऱ्या डीहेझ स्लायडरचा मोहही आवरावा. एकामागे एक फिकट, निळसर होत जाणाऱ्या रांगांवरूनच डोळा अंतर ओळखतो. धुके गेले, की मैलोगणती दूरचा डोंगर शेजारी येऊन उभा राहतो.

उरतो प्रश्न आठवणीचा. गवत होते त्याहून हिरवे आणि आकाश होते त्याहून निळे आठवते, असे अमेरिकेतील बार्टलसन यांनी 1960 साली दाखवले. तेव्हा गडावरच दोन ओळी टिपून ठेवाव्यात: सावली किती गडद होती, गवत कोणत्या छटेचे होते, दूरची रांग कितपत दिसत होती. घरी स्लायडर हलवताना त्या टिपणावर भरवसा ठेवावा, आठवणीवर नको.