नऊ नंबरचे दोन दावेदार

लिनक्सचा कर्नल सुरू होताना प्रोसेसरची झडती घेतो. चिपमध्ये कोणत्या सोयी आहेत हे पाहतो आणि कोणत्या खोडी सिलिकॉनमध्येच राहून गेल्यात हेही. नोंद ठेवलेल्या प्रत्येक दोषाला एक नाव आणि एक क्रमांक असतो. दोष आढळला की त्या क्रमांकाचा बिट १ होतो. पुढे कर्नलमध्ये कुठेही तो बिट तपासला जातो आणि त्यानुसार उपाययोजना सुरू होते. एक्स८६ प्रोसेसरांसाठी ही सगळी यादी एकाच हेडर फाईलमध्ये हातानं लिहिलेली आहे. ‘हातानं’ हा शब्द लक्षात ठेवा.

२०१६ साली या यादीत क्रमांक ९ दोघांच्या नावावर होता. पहिला दोष ईएसपीफिक्स. १६ बिटी स्टॅक वापरणाऱ्या प्रोग्रामकडे परतताना प्रोसेसर स्टॅक पॉइंटरचे खालचे १६ बिटच बदलतो. वरच्या बिटांत कर्नलचा पत्ता तसाच राहतो, म्हणजे बाहेर फुटतो. दुसरा नल-सेग. सेगमेंट रजिस्टरमध्ये शून्य भरलं की त्याचा मूळ पत्ताही शून्य व्हावा अशी अपेक्षा असते, पण काही प्रोसेसर जुना पत्ता धरून ठेवतात. कर्नल याची परीक्षा साधीच घेतो: पत्ता १ ठेवायचा, रजिस्टरमध्ये शून्य भरायचं, पत्ता परत वाचायचा.

कंपायलर गप्प का बसला? एकच नाव दोन वेगळ्या किमतींनी लिहिलं असतं तर त्यानं कटकट केली असती. दोन वेगळ्या नावांची किंमत सारखी असणं मात्र सी भाषेत पूर्ण कायदेशीर आहे. शिवाय ईएसपीफिक्सचा बिट ३२ बिटी कर्नलच लावतो आणि नल-सेगची तपासणी ६४ बिटी कर्नलच करतो. दोघं एका छपराखाली कधी आलेच नाहीत, म्हणून भांडणही झालं नाही.

तरी खूण दिसायची. वापरकर्त्याला दाखवायची दोषांची नावं एक शेल स्क्रिप्ट याच हेडरमधून उचलते. २०२४ पर्यंत ओळीच्या शेऱ्यात सुरुवातीला रिकामी अवतरणचिन्हं असतील तर ती ते नाव लपवायची. ईएसपीफिक्स असंच लपवलेलं. त्यामुळे नवव्या खणात नल-सेगचंच नाव उरलं. आता गंमत बघा: ३२ बिटी कर्नल ईएसपीफिक्सचा बिट सगळ्या प्रोसेसरांवर सरसकट लावतो. म्हणजे जो दोष तपासलाच नाही, त्याचं नाव प्रोसेसरच्या माहितीत झळकायचं. माझ्या मते दुरुस्तीला एवढं कारण पुरे.

दुरुस्ती चिमूटभर. नल-सेग १० वर गेला, तिथला आधीचा दोष स्वॅपजीएस-फेन्स ११ वर, आणि ईएसपीफिक्सची व्याख्या ‘फक्त ३२ बिटी कर्नलसाठी’ अशा अटीत बांधली गेली. आता ६४ बिटी कर्नलमध्ये कुणी चुकून ते नाव वापरलं तर कंपायलर अडवतो. बाकीचा कोड नावानंच बिट तपासत असल्यानं त्याला हात लावावा लागत नाही. मात्र क्रमांक बायनरीत गोठलेला असतो, त्यामुळे कर्नल आणि त्याची मोड्यूलं एकाच हेडरवर पुन्हा कंपाईल करावी लागतात.

यादी पुढे फुगतच गेली. मेल्टडाउनला १४, स्पेक्टरच्या दोन प्रकारांना १५ आणि १६ मिळाले. २०२३ मध्ये ३२ जागांचा पहिला शब्द (वर्ड) अपुरा पडू लागला, तेव्हा दोषांसाठी दुसरा शब्द जोडून एएमडीच्या एसआरएसओ या दोषाला त्यातली पहिली जागा दिली गेली.