मतदार यादीत नाव मागणारा मच्छीमार

राजकीय हक्क कोणी दान म्हणून देत नाही, तो झगडून मिळवावा लागतो, ही प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची शिकवण. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची मागणी केली. त्याच्या एकोणीस वर्षे आधी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एका स्थलांतरित मच्छीमाराने हाच हक्क मागितला होता. त्याचे नाव तोमेकिची होम्मा. आपल्या वाचकांना, विशेषतः तरुण मुलामुलींना, ही कहाणी माहीत असायला हवी.

होम्मा यांचा जन्म १८६५ सालचा, जपानमधील चिबा प्रांतातला. ऐन अठराव्या वर्षी, १८८३ साली, ते ब्रिटिश कोलंबियात उतरले. फ्रेझर नदीच्या मुखाशी स्टीव्हस्टन नावाचे गाव आहे. हंगामात समुद्रातून सामन मासा झुंडीने नदीत शिरतो. तो पकडायचा आणि डबाबंद करणाऱ्या कारखान्यांना विकायचा, हा तिथला धंदा. १८८८ साली वाकायामा प्रांतातील मियो गावचे गिहेई कुनो तिथे आले आणि त्यांनी मागाहून गावकऱ्यांना बोलावून घेतले. बघता बघता जपानी कोळ्यांची मोठी वस्ती झाली.

होड्या बऱ्याचशा कारखान्यांच्या, भाव ठरवणार कारखानदार, आणि एकटा कोळी म्हणजे कस्पटासमान. होम्मांनी हे ओळखले. मच्छीमारांची संघटना उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. राहण्याची जागा दाट, पाणी वाईट, विषमज्वराने माणसे दगावत. या संघटनेने १९०० च्या सुमारास स्वतःचे इस्पितळ बांधले. सभासदांनी वर्गणी भरायची आणि आजारपणात उपचार घ्यायचे. सरकारकडे हात न पसरता उभे केलेले ते इस्पितळ होते. पुढे होम्मांनी बोर्डिंग हाऊस चालवले, जपानी भाषेतले वृत्तपत्रही काढले. धंदा आणि समाजकार्य अशी दुहेरी वाटचाल त्यांनी केली.

कोर्टाची पायरी

ब्रिटिश कोलंबियात चिनी लोकांना व मूळ रहिवाशांना मताधिकार नव्हताच. १८९५ मध्ये कायदा करून जपानी वंशाच्या लोकांचाही तो काढून घेतला. (पुढे १९०७ साली हिंदुस्थानातून गेलेल्यांचीही तीच गत झाली.) होम्मा तर रीतसर नागरिक झालेले. १९०० साली त्यांनी मतदार यादीत नाव घालण्याचा अर्ज केला. अधिकाऱ्याने तो फेटाळला. होम्मा कोर्टात गेले. प्रांतातील दोन्ही कोर्टांत ते जिंकले. पण सरकारने अपील केले आणि डिसेंबर १९०२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. मत कोणाला द्यायचे हे प्रांताने ठरवावे, असा तो निकाल. मत नाही म्हणून वकिली नाही, औषधाचे दुकान नाही, सरकारी नोकरी नाही. एका नकाराने सगळी दारे बंद झाली.

रक्त दिले, तरी माणूस नाही

पहिले महायुद्ध आले. युद्धात लढलो तर हक्क मिळेल, या आशेने दोनशेवर जपानी तरुण पुढे आले. ब्रिटिश कोलंबियात त्यांना भरती करून घेईनात. मग ते शेजारच्या आल्बर्टा प्रांतात जाऊन सैन्यात दाखल झाले. २२२ जणांनी युद्धात भाग घेतला, त्यांपैकी ५४ जण फ्रान्स-बेल्जियमच्या मातीत कामी आले. समाजाने वर्गणी काढून व्हँकुव्हरच्या स्टॅन्ली पार्कमध्ये स्मारकस्तंभ उभारला. ९ एप्रिल १९२० रोजी त्याचे अनावरण झाले. स्तंभाच्या शिरावर दगडी कंदील आहे.

भीमा कोरेगावचा स्तंभ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या स्तंभाचा अर्थ वेगळा सांगायला नको. लढायला आम्ही चालतो, मग माणूस म्हणून का चालत नाही, हाच सवाल दोन्हींकडे आहे.

पण युद्ध संपताच उलटेच झाले. १९२२ च्या सरकारी आयोगाने जपानी कोळ्यांचे मासेमारी परवाने ४० टक्क्यांनी कमी करण्याची शिफारस केली. माजी सैनिकांनी चिकाटी सोडली नाही. १९३१ साली प्रांताच्या विधिमंडळात अवघ्या एका मताच्या फरकाने फक्त त्या सैनिकांना मताधिकार मिळाला.

१९४२ साली, जपानशी युद्ध पेटल्यावर, सुमारे बावीस हजार जपानी वंशाच्या लोकांना किनाऱ्यावरून हाकलले. त्यांच्या सुमारे बाराशे होड्या सरकारने जप्त करून विकल्या. स्मारकावरचा कंदीलही विझवला गेला. वृद्ध होम्मांना स्लोकन येथील छावणीत जावे लागले आणि १९४५ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. जपानी वंशाच्या नागरिकांना मताधिकार मिळाला तो १९४९ साली, चार वर्षे उशिरा.

२ ऑगस्ट १९८५ रोजी तो कंदील पुन्हा पेटला. शौर्यपदक विजेते सैनिक मासुमी मित्सुई यांनी शंभरीच्या उंबरठ्यावर असताना तो उजळला. १९४२ मध्ये ज्यांची शेती गेली, त्यांपैकीच ते एक. १९८८ साली कॅनडाच्या सरकारने झाल्या अन्यायाबद्दल माफी मागितली व हयात असलेल्यांना प्रत्येकी २१ हजार डॉलर भरपाई दिली. आज स्टीव्हस्टनमध्ये बुद्ध मंदिर आहे, आणि ज्यांचे नाव मतदार यादीत घ्यायला नकार दिला त्या होम्मांच्या नावाने मुलांची शाळा आहे.

होम्मा हरलेला खटला मागे ठेवून गेले, पण तो हक्क मागण्याची हिंमतही मागे ठेवून गेले. आपल्याला मताधिकार भारतीय संविधानाने पहिल्या दिवसापासून दिला. घरात कोणी अठरा वर्षांचे झाले असेल आणि यादीत नाव नसेल, तर माता-पित्यांनी या आठवड्यात आधी तेवढे काम करावे.

जयभीम!