नानांची तीनचाकी

केळीचा माल भरला की नाना मागे जाऊन घडांची उंची बघत आणि म्हणत, "बस. आता एकही घड नको." व्यापारी चिडे. "बाकीचे नेतात की!" मग ते भाडे दुसऱ्याला जाई आणि त्या दिवशी आई घरात गप्प असे.

जळगाव-धुळे रस्त्यावर नाना तीनचाकी टेम्पो चालवीत. टेम्पो हे खरे तर एका जर्मन कंपनीचे नाव. १९५८ साली सुरू झालेल्या बजाज टेम्पोने तिच्याशी करार करून ‘हॅन्सिएट’ ही तीनचाकी इथे आणली आणि पुढे आपण कुठल्याही लहान मालगाडीला टेम्पोच म्हणू लागलो.

नाना एकदाच नमले. माझ्या फीचे दिवस होते. घड टपाच्याही वर गेले. पारोळ्याच्या अलीकडे वळणावर बैल आडवा आला, नानांनी ब्रेक दाबला आणि गाडी कुशीवर गेली. पाय मोडला तो कायमचा अधू झाला. "माझाच हात चुकला," एवढेच ते म्हणत.

पुढे धुळ्याला मी मोटार मेकॅनिकचे काम शिकलो, तेव्हा त्या वळणाचे गणित कळले. तीन चाकांचा त्रिकोण होतो. एक चाक पुढे असेल, तर वळणात ब्रेक मारताच भार पुढे आणि बाहेर झुकतो, म्हणजे नेमका त्रिकोणाच्या निमुळत्या बाजूला. माल जितका उंच, तितका धोका जास्त. इंग्लंडच्या मॉर्गन यांनी १९०९ मध्ये तीनचाकी बनवली, तिची दोन चाके पुढे होती. ब्रेकचा भार रुंद बाजूवर येई. ती गाडी शर्यतीतही धावली!

चाकांचा हट्ट त्याहून पुढे गेला. डेरेक गार्डनर यांनी टायरेल संघासाठी सहा चाकांची शर्यतीची गाडी काढली. पुढची चार चाके अगदी बुटकी, जेणेकरून वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा आणि चार टायरांनी रस्ताही घट्ट धरावा. १९७६ मध्ये स्वीडनची शर्यत जोडी शेक्टरने तिच्यावरच जिंकली. दुसरा क्रमांकही तशाच गाडीचा. पण त्या छोट्या टायरांची सुधारणा मागे पडली आणि १९७७ नंतर ती शर्यतीतून गेली. पुढे तर नियमच आला : चाके चारच.

सुट्टीत घरी आलो तेव्हा नानांसमोर पाटीवर त्रिकोण काढला, बाण काढले, सगळे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे घड कमी हवे होते," नाना म्हणाले. "ते मला भरतानाच माहीत होतं रे."

मी पाटी पुसली. त्या वर्षीची फी त्याच भाड्यातून भरली गेली होती.