भग्नावशेषांची रम्य चित्रं कशी वाचावीत?

बडोद्याच्या चित्रदालनासाठी सयाजीराव महाराजांनी स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाकडून युरोपीय चित्रं निवडून घेतली. 1921 साली दालन लोकांना खुलं झालं. तिथे येणारे मित्र जुन्या निसर्गचित्रांपुढे हमखास विचारतात, "ही जागा खरंच अशी होती का?" उत्तरासाठी ज्याची चित्रं मी बारकाईने अभ्यासली, त्या ह्युबेर रोबेरचं उदाहरण घेतो.

रोबेर (1733–1808) पॅरिसचा. 1754 मध्ये तो रोमला गेला आणि अकरा वर्षं तिथे राहिला. पानिनी आणि पिरानेसी यांच्या कामाचा त्याच्यावर मोठा प्रभाव पडला. परतल्यावर त्याला नावच पडलं, 'अवशेषांचा रोबेर'. रोकोकोचा हलका, उबदार प्रकाश, निळसर होत जाणारं अंतर, मोडक्या कमानीखाली कपडे वाळत घालणाऱ्या बायका, हे सगळं त्याच्याकडे सापडतं. माणसं मुद्दाम लहान काढली, की खांब आपोआप प्रचंड वाटतात. या माणसांची गर्दी फार झाली, अशी दिदरोची 1767 मध्ये तक्रार होती.

आता मूळ मुद्दा. 1787 मध्ये रोबेरने फाँतेनब्लो राजवाड्यासाठी दक्षिण फ्रान्समधल्या रोमन वास्तूंची चार मोठी चित्रं पूर्ण केली. त्यातल्या एकात नीम शहरातलं मेझाँ कारे हे मंदिर, रोमन रंगमंडल आणि तूर मान्य हा बुरूज शेजारी शेजारी दिसतात. प्रत्यक्षात मंदिर आणि रंगमंडल यांत सुमारे अर्धा किलोमीटर अंतर आहे, आणि बुरूज तर टेकडीवर आहे. ओरांजच्या चित्रातही तेच. कमान शहराच्या उत्तरेला, नाट्यगृह दक्षिणेला टेकडीच्या पायथ्याशी. चित्रात मात्र दोन्ही एका नजरेत.

याला फसवणूक म्हणायचं का? माझ्या मते नाही. अशा कल्पित रचनेला 'काप्रिच्चो' म्हणत आणि पाहणाऱ्यांना तो संकेत ठाऊक असे. रोबेरने तर 1796 मध्ये धडधाकट उभं असलेलं लूव्हरचं भव्य दालनसुद्धा भग्न झाल्याचं रंगवलं!

अडचण होते ती आपण चित्राला नकाशा समजतो तेव्हा. इंजिनिअर म्हणून मला आणखी एक गोष्ट टोचते. चित्रात कमानीवरचं झुडूप शोभून दिसतं; प्रत्यक्षात त्याची मुळं सांध्यांत शिरतात, दगड सरकवतात, पाणी आत नेतात. आपल्या छत्र्या, वाडे, बारवांवरच्या पिंपळाचं कौतुक करत फोटो काढताना हे विसरू नये.

म्हणून गावातल्या वास्तूचं जुनं चित्र हाती आलं, तर तीन गोष्टी करा. चित्रकार कुठे उभा असेल ती जागा शोधा. दिसणाऱ्या वास्तूंमधलं अंतर पायी मोजा. मग खांब, कमानी मोजून चित्राशी ताडा. जुळेल तेवढंच पुरावा म्हणून नोंदवा. बाकीचं चित्र म्हणून मनसोक्त पाहा.